समुद्रकाठी चार दिवस : निघण्याआधी घरात बसून ठरवायच्या गोष्टी



परदेशी असलेल्या मुलाकडे उन्हाळ्यात जाऊन येणे ही गोष्ट आता आपल्या घरांत नवलाची राहिलेली नाही. आखाताप्रमाणे इंग्लंडातही आपल्याकडची, विशेषतः कोकणातली, बरीच कुटुंबे स्थिरावली आहेत. आई-वडील दोन-तीन महिन्यांसाठी गेले की मुलांना वाटते, त्यांना कुठेतरी फिरवून आणावे. मग बहुधा समुद्रकाठचे एखादे गाव ठरते.

दापोली तालुक्यातील एका भगिनीचे पत्र याच विषयावर आले आहे. त्यांचा मुलगा लेस्टरला नोकरी करतो. सून पुण्याची, दोन नातवंडे शाळेत. जुलैत सर्वांनी मिळून चार दिवस ब्रायटनला राहायचे असे मुलाने ठरवले आहे. त्या लिहितात की समुद्र तर आमच्या घरामागेच आहे, तो बघायला इतका पैसा कशाला? माझा हज अजून व्हायचा आहे. तिथे नमाजचे, खाण्याचे, पडद्याचे कसे होईल? मुलाला नाही म्हणवत नाही आणि मनही तयार होत नाही.

पत्र साधे आहे, पण प्रश्न साधा नाही. अशा वेळी आई गप्प राहते, मुलगा उत्साहाने पैसे भरतो, आणि चार दिवस दोघेही एकमेकांचा चेहरा वाचत बसतात. म्हणून एकेक गोष्ट घेऊ.

पहिला प्रश्न हजचा

मी शिक्षिका आहे, आलिमा नाही. मसल्याचे अंतिम उत्तर आपल्या विश्वासातल्या आलिमांकडूनच घ्यावे. पण घरात बोलताना एक फरक स्पष्ट असावा. हज ज्याच्यावर फर्ज होतो तो त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवरून. आईकडे स्वतःचे इतके पैसे असतील की हज फर्ज झाला आहे, तर त्या पैशांतून सहलीचा खर्च करण्याआधी हजचा विचार करायला हवा. मुलगा स्वतःच्या कमाईतून आईला फिरवणार असेल, तर त्या पैशांचा हिशेब वेगळा आहे. आईची सोबत, नातवंडांची ओळख, सुनेशी चार निवांत गोष्टी, हे सिलारहमीचेच काम आहे.

तरीही आईच्या मनात जे आहे ते मुलाला कळले पाहिजे. “बाळा, चारऐवजी दोन दिवस राहू आणि उरलेले माझ्या हजच्या खात्यात टाक,” असे म्हणायला आईला संकोच वाटायला नको. कित्येकदा मुलाला हे सुचलेलेच नसते. कळले तर तो आनंदाने करील. न बोलता गेलेल्या सहलीपेक्षा बोलून आखडती घेतलेली सहल कितीतरी बरी.

कर्जाने नको, जमवून जा

इंग्लंडात समुद्रकाठच्या सहलीची प्रथा श्रीमंतांनी सुरू केली, पण ती घराघरांत पोचवली गिरणी कामगारांनी. लँकेशायरच्या कापड गिरण्या वर्षातून एकदा आठवडाभर बंद राहत आणि गावेच्या गावे आगगाडीने ब्लॅकपूलला जात. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये पोचली. त्या आठवड्याचा पगार मिळत नसे. पगारी सुट्टीचा कायदा झाला तो थेट १९३८ मध्ये. मग हे कामगार जात कसे? वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे पैसे एका मंडळाकडे जमा करत आणि सुट्टीच्या तोंडावर ते उचलत. आपल्या बायकांच्या भिशीचीच ही बहीण म्हणायची. शिवाय खाण्याचे सामान स्वतः आणायचे किंवा बाजारातून घ्यायचे आणि घरमालकिणीने ते शिजवून द्यायचे, अशीही पद्धत तिथे होती.

सांगायचे हे की, समुद्रकाठची सुट्टी कर्जाशिवाय होऊ शकते, आणि ती तशीच व्हावी. क्रेडिट कार्डावर सहल करून वर्षभर व्याज फेडत बसणे आपल्याला कोणत्याच अंगाने परवडणारे नाही. मुलाने सहा महिने आधी दरमहा रक्कम बाजूला टाकावी. जितकी जमेल तितक्या रात्री राहावे. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात राहत नाही. सहलीसाठी साठवलेली रक्कमही आपलीच मालमत्ता असते. ती धरून निसाब पूर्ण होत असेल आणि चांद्र वर्ष उलटले असेल तर तिच्यावरही जकात आहे.

कधी जायचे

आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात, तिथली मोठी सुट्टी जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबर लागेपर्यंत. त्या सहा आठवड्यांत समुद्रकाठच्या खोल्यांचे भाडे सर्वांत जास्त असते. त्यातही ऑगस्टमधला शेवटचा सोमवार हा तिथला सार्वजनिक सुट्टीचा दिवस, म्हणून त्याला जोडून येणारे शनिवार-रविवार टाळावेत. लेस्टरच्या शाळा इंग्लंडातल्या बहुतेक शाळांपेक्षा थोड्या आधी सुटतात. तिथल्या मंडळींनी याचा फायदा घ्यावा आणि बाकीच्यांची गर्दी सुरू होण्याआधी जाऊन यावे.

“आम्ही मे-जूनमध्ये येतोय, मुलांना चार दिवस शाळेतून काढा,” असा आग्रह मात्र इथून कोणी धरू नये. इंग्लंडात परवानगीशिवाय सहलीसाठी मुलांना गैरहजर ठेवल्यास पालकांना दंड होऊ शकतो. तो प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड आणि वेळेत न भरल्यास दुप्पट. एक शिक्षिका म्हणून मला तर तो नियम पटतो.

आठवड्याचे दिवस निवडतानाही डोके लावावे. शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग आणि गोंगाटाच्या. लंडनहून तरुणांचे घोळके मौजेसाठी येतात, दारूची दुकाने उशिरापर्यंत भरलेली असतात. रविवारी दुपारी पोचून गुरुवारी सकाळी निघावे. भाडे कमी, रस्ते मोकळे, रात्री शांत.

व्हिसाचे काम मात्र या सगळ्याआधी. भेटीचा व्हिसा साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत राहण्यासाठी मिळतो आणि प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी अर्ज करता येतो. मुलाचे पत्र, त्याच्या नोकरीची व घराची कागदपत्रे, आपले बँकेचे तपशील, आणि आपण परत येणार आहोत हे दाखवणारे पुरावे म्हणजे घर, जमीन, पेन्शन, इथली माणसे, हे सर्व नीट लावून द्यावे. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारी खोली किंवा तिकीट कोणी काढू नये. अर्ज नामंजूर झाला तर शुल्कही परत मिळत नाही.

आजारपणाचा विमा ही चैन समजू नका. पाहुण्यांना तिथल्या सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागातले उपचार मोफत मिळतात, पण दाखल करून घेतले तर बिल येते, आणि तेही नेहमीच्या दराच्या दीडपट. रक्तदाब, मधुमेह असेल तर विम्याच्या अर्जात ते लपवू नये. औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवावीत.

घर कुठे, कसे

ब्रायटनला लागूनच होव आहे. समुद्र तोच, पण वस्ती शांत, किनाऱ्यालगत लांबलचक हिरवळ आणि चालायला सपाट रस्ता. वृद्ध माणूस आणि लहान मुले असतील तर मी होवच सुचवीन. बसने ब्रायटनच्या मध्यभागी यायला फार वेळ लागत नाही.

किनाऱ्यावरची घरे दिसायला देखणी, पण पुष्कळशी शंभर-दोनशे वर्षांची. तीन-चार मजले, अरुंद जिने, लिफ्ट नाही. जाहिरातीत समुद्राचा फोटो असतो, जिन्याचा नसतो. म्हणून पैसे भरण्याआधी मुलाने पुढचे प्रश्न विचारावेत. खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का? बाहेरच्या दारापाशी किती पायऱ्या? न्हाणीघर त्याच मजल्यावर आहे का? आंघोळीसाठी उंच टबात चढावे लागते की सरळ शॉवर आहे? गुडघे दुखणाऱ्या आईसाठी समुद्राच्या देखाव्यापेक्षा ही उत्तरे मोलाची.

न्हाणीघराबद्दल आणखी थोडे. शौचालयात पाण्याचा जेट नसतो. रिकामी प्लास्टिकची बाटली किंवा छोटा लोटा बॅगेत टाकाच. फरशीवर पाणी जायला मोरी नसते, काही घरांत तर बाहेर लगेच गालिचा असतो. वुजूचे पाणी सांडले की खालच्या मजल्याचे छत गळते आणि भरलेली अनामत कापली जाते. एक जाड टॉवेल फक्त पायाखाली अंथरण्यासाठी ठेवावा. जुन्या घरांत गरम आणि थंड पाण्याचे नळ वेगवेगळे असतात, एकातून चटका, दुसऱ्यातून बर्फ. बेसिनमध्ये पाणी मिसळून तांब्याने घ्यावे. पाय बेसिनपर्यंत उचलणे ज्यांना जमत नाही त्यांनी चामडी मोजे न्यावेत. वुजू करून ते घातले की मसह करता येतो. त्याचे नियम निघण्याआधी समजून घ्यावेत.

स्वयंपाकघर असलेले घर घेतले तर धूर ओळखणारा भोंगा छतावर असतो. मासे तळताना किंवा अगरबत्ती लावताना तो वाजला तर घाबरू नये. खिडकी उघडावी, पण भोंगा कापडाने झाकून ठेवू नये.

प्रवास

लेस्टरची गाडी लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकात येते आणि ब्रायटनची थेट गाडी त्याच स्थानकाच्या खालच्या फलाटांवरून सुटते. स्थानक बदलावे लागत नाही, लिफ्ट आहेत. वृद्धांसाठी चाकाची खुर्ची आणि मदतनीस आधी कळवल्यास विनामूल्य मिळतो. ही सोय मागण्यात कमीपणा नाही. सकाळच्या गर्दीची वेळ टाळून तिकीट स्वस्त पडते. कुटुंबासाठी मिळणारे रेल्वेचे सवलत कार्ड असेल तर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट मिळते, आणि पाच वर्षांखालील मुलांना तिकीट नाही.

नमाज

जुलैच्या मध्यात तिथे सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. जोहर दुपारी एकनंतर सुरू होते, मगरिब नऊनंतर, इशा त्याहून बरीच उशिरा. जूनच्या आसपास तर रात्री पूर्ण अंधारच पडत नाही. त्यामुळे इशा आणि फजरच्या वेळा ठरवण्याच्या पद्धतींत उलमांमध्ये मतभेद आहेत. मोबाइलमधल्या तीन अॅपमध्ये तीन वेळा दिसतात त्याचे कारण हे. वाद घालू नये, स्थानिक मशिदीचे वेळापत्रक घ्यावे. ब्रायटनमध्ये डाइक रोडवर आणि बेडफर्ड प्लेसमध्ये मशिदी आहेत. महिलांसाठी जागा आणि वेळ आधी फोन करून विचारावी.

किब्ल्याबाबत एक सवय मोडावी लागते. आपण जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिलेलो. इंग्लंडातून मक्का आग्नेयेला आहे. ब्रायटनला समुद्र दक्षिणेला, म्हणजे समुद्राकडे तोंड करून चांगले डावीकडे वळावे लागते. खोलीत पोचल्या पोचल्या होकायंत्राने दिशा पाहून मुसल्ला एकदाच अंथरून ठेवावा.

कस्रचा मसला या घरात गमतीचा आहे. सासू कोकणातली, म्हणजे शाफई. सून हनफी. लेस्टर ते ब्रायटन अंतर दोनशे किलोमीटरहून जास्त, त्यामुळे प्रवासाबद्दल शंका नाही. हनफी मसलकात पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्कामाचा इरादा असेल तर चार रकातींच्या नमाजा दोन होतात. शाफई मसलकात येण्याचा आणि जाण्याचा दिवस सोडून पूर्ण चार दिवस राहायचा इरादा असेल तर माणूस मुसाफिर राहत नाही. रविवारी पोचून गुरुवारी निघाले तर मधले दिवस तीनच भरतात, म्हणून सासूबाईंनाही सवलत मिळते. शाफई मुसाफिराला जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे, हनफींमध्ये ती नाही. एकाच खोलीत सासू दोन नमाजा मिळून पढते आणि सून वेगवेगळ्या वेळी उठते, तर मुलांना दोन्ही बरोबर असल्याचे आधीच सांगावे. मसलकांचा आदर शिकवायला याहून चांगला धडा मिळणार नाही. आपल्या बाबतीत नेमके काय लागू आहे ते निघण्याआधी आलिमांना एकदा विचारून घ्यावे.

रात्र लहान असल्यामुळे झोप मोडते. चार दिवसांत दुपारची दोन तासांची विश्रांती वेळापत्रकातच लिहून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी आई आजारी पडते आणि मुले चिडचिडी होतात.

खाणे

समुद्रकाठी गेल्यावर मुले पहिल्यांदा मासे आणि बटाट्याच्या तळलेल्या फोडी मागणार. मासा हलाल, मग प्रश्न कुठे? प्रश्न तेलात आणि पिठात आहे. इंग्लंडच्या उत्तर भागात अनेक दुकानांत गुरांच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे. दक्षिणेत बहुधा वनस्पती तेल असते. काही ठिकाणी माशाच्या पिठात बिअर घालतात. आणि त्याच कढईत डुकराच्या मांसाचे सॉसेजही तळले जाऊ शकते. तीन प्रश्न विचारायचे : कशात तळता, पिठात काय आहे, याच तेलात आणखी काय तळता? दुकानदार अशा प्रश्नांना सरावलेले असतात आणि नीट उत्तर देतात.

किनाऱ्यावर कोळंबी, खेकडे, शिंपले यांचीही दुकाने लागतात. शाफई मंडळींना समुद्राचे बहुतेक जिन्नस खुले आहेत. हनफींमध्ये मासा सोडून बाकीचे नाही, आणि कोळंबीबाबत त्यांच्यात मतभेद आहेत. एकाच टेबलावर एकाने खाल्ले आणि दुसऱ्याने नाही तर कोणी कोणाला टोचू नये.

निवासात न्याहारी मिळणार असेल तर ताटात बेकन आणि डुकराचे सॉसेज असण्याची शक्यता धरूनच चला. काळ्या रंगाची एक चकतीही असते, ती रक्तापासून बनवतात. आदल्या रात्रीच अंडी, टोस्ट, बीन्स, मशरूम सांगून ठेवावे आणि वेगळा तवा वापरण्याची विनंती करावी. गावाचे नाव आतून आरपार लिहिलेली साखरेची लांब कांडी मुलांना हवी असते. वेष्टनावरची यादी वाचून ती घ्यावी. जेलीच्या गोळ्या आणि मार्शमेलोमध्ये मात्र बहुधा जिलेटिन असते, तिथे थांबावे. शाकाहारासाठी योग्य असल्याची खूण असेल तर जिलेटिनची काळजी मिटते. गोड पदार्थात दारू आहे का हे मात्र तरीही पाहावे.

बाहेर खाताना समुद्रपक्ष्यांपासून सावध राहा. आपल्याकडच्या कावळ्यांपेक्षा आकाराने मोठे आणि धीट असतात, हातातला घास नेतात. मुलांनी त्यांना खायला घालू नये.

किनारा आणि पडदा

जुलैच्या दुपारी त्या किनाऱ्यावर लोक कमी कपड्यांत पडलेले असतात. तो त्यांचा देश, त्यांची रीत. आपल्याला आपली वेळ निवडता येते. पहाटे पाचला उजाडते आणि नऊ वाजेपर्यंत किनारा जवळजवळ मोकळा असतो. फजरनंतर थोडे पडून सहा-सातला निघावे. अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख घालून इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायला बंदी नाही. वारा फार असतो, म्हणून ओढणीखाली घट्ट टोपी आणि चार पिना जास्त ठेवाव्यात. छत्री उलटी होते, टोपीचा रेनकोट बरा. जुलैतही स्वेटर लागतो.

हर्णै-मुरुडची वाळू डोक्यात असेल तर सांगून ठेवते : ब्रायटनचा किनारा वाळूचा नाही, गोट्यांचा आहे. अनवाणी चालवत नाही, मुलांना पाण्यातले बूट घ्या. गोट्यांची उतरण पाण्यात एकदम खोल जाते आणि पाणी उन्हाळ्यातही गार. लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरावे, तिथे जीवरक्षक पाहत असतात. कोणी पाण्यात अडचणीत दिसले तर मागे उडी न घेता ९९९ ला फोन करून कोस्टगार्ड मागावा. हे मुलांकडून पाठ करून घ्या.

पॅलेस पीअर हा १८९९ सालचा पूल समुद्रात दूरपर्यंत गेलेला आहे. त्यावरून चालायला मजा येते. पण वर नाण्यांच्या यंत्रांची दालने आहेत. दोन पेन्सचे नाणे टाकायचे, पुढची नाणी ढकलली गेली तर पडतील ती आपली. लहान मुलांनाही खेळू देतात आणि दिसायला खेळणेच वाटते. आहे मात्र तो जुगारच. मुलांना ओढत बाहेर आणण्यापेक्षा दाराशी जाण्याआधी समजावून सांगावे. दोन पेन्सला आपण काय विकत घेतो? काहीच नाही, फक्त आशा. दहा वर्षांच्या मुलाला हे कळते.

पाहायचे काय

दापोलीकर भगिनीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. समुद्र आपलाही आहे, पण ब्रायटनला आपल्या माणसांच्या खुणा आहेत.

रॉयल पॅव्हिलियन हा घुमट-मिनारांचा राजवाडा बाहेरून मोगली वळणाचा दिसतो. वास्तुकार जॉन नॅश याने १८१५ नंतर त्याला हे रूप दिले. पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या अखेरीपासून १९१६ च्या सुरुवातीपर्यंत, तिथे जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. सातशेहून अधिक खाटा होत्या. धर्म आणि रिवाज पाहून नऊ वेगवेगळी स्वयंपाकघरे चालवली जात, हिंदू आणि मुस्लिमांसाठी पाण्याचे वेगळे नळ होते आणि मुस्लिम सैनिकांना नमाजसाठी हिरवळीवर जागा दिली होती. जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस याच आवारात ऑगस्ट १९१५ मध्ये राजाच्या हस्ते मिळाला. वारलेल्या हिंदू-शीख सैनिकांचे दहन गावाबाहेरच्या टेकडीवर झाले. तिथे १९२१ पासून छत्री उभी आहे. मुस्लिम सैनिकांना वोकिंग इथे दफन केले. तिथली शाहजहान मशीद १८८९ ची, भोपाळच्या शाहजहान बेगमच्या मदतीने उभारलेली. पॅव्हिलियनच्या दक्षिणेचा दरवाजा भारताच्या लोकांकडून १९२१ मध्ये भेट दिलेला आहे. दरवाजा आणि बाग पाहायला तिकीट लागत नाही.

दुसरी खूण शेख दीन मुहम्मद यांची. जन्म पाटण्याचा, १७५९ चा. इंग्रजीत पुस्तक छापणारे पहिले हिंदी लेखक म्हणून त्यांचे नाव घेतात, ते साल १७९४. लंडनमध्ये १८१० मध्ये त्यांनी हिंदुस्थानी खाण्याचे घर काढले, ते बुडाले. मग ब्रायटनला येऊन वाफेचे स्नान आणि अंगाची चंपी सुरू केली. ती इतकी गाजली की दोन राजांनी त्यांना आपला चंपीवाला नेमले. आज घरोघरी असलेला शॅम्पू हा शब्द आपल्या चंपीवरूनच गेला. आयरिश स्त्रीशी लग्न करताना त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. त्यांची कबर तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात आहे. परक्या देशात पोट भरताना माणूस काय मिळवतो आणि काय मागे ठेवतो, हे नातवंडांशी बोलायला ही कहाणी चांगली. परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या मनात तो प्रश्न असतोच, विचारत नाहीत इतकेच.

एक दिवस ईस्टबोर्नकडे जाणाऱ्या बसने पांढऱ्या खडूच्या कड्यांकडे जावे. बसच्या खिडकीतूनही ते दृश्य पुरते. कड्याच्या टोकाशी मात्र कोणी उभे राहू नये, खडू वरून भक्कम दिसतो आणि खालून ढासळतो.

सुट्टी कोणाची?

शेवटी एक गोष्ट, पत्रात नसलेली. हलाल खाण्यासाठी आपण स्वयंपाकघर असलेले घर घेतो. ते बरोबरच. पण मग सून लेस्टरला रांधायची ती ब्रायटनला रांधते. सकाळी पराठे, दुपारचे डबे, रात्री पुलाव, भांडी. नवरा मुलांना घेऊन किनाऱ्यावर, सासूबाई खिडकीत, आणि ती गॅससमोर. चार दिवसांनी सगळे ताजेतवाने होऊन परततात, एक सोडून.

रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम घरात असताना घरच्यांच्या कामात हात लावत, हे आपण मुलांना शिकवतो. ते दाखवायला सुट्टीसारखी वेळ नाही. निघण्याआधी एक कागद घ्या आणि चार दिवसांचे जेवण त्यावर लिहा. दोन वेळचे लेस्टरहून शिजवून, गोठवून नेता येईल. एक वेळ हलाल उपाहारगृहात. न्याहारी मुलाने करावी, भांडी नातवंडांनी पुसावीत. आणि सासूबाईंनी रोज सकाळी एक तास मुलांना सांभाळून सुनेला म्हणावे, “जा, तू एकटी किनाऱ्यावर फिरून ये.” सुनेसाठी त्या चार दिवसांतली सर्वांत मोठी भेट हीच ठरेल, आणि तिला एक पौंडही लागत नाही.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीला माझा सल्ला असा आहे. आज रात्री मुलाला फोन करा. हजचे बोला, गुडघ्यांचे बोला, जिन्याचे विचारा. मग सुनेला फोनवर बोलवा आणि तिला काय पाहायचे आहे ते विचारा. इतके बोलणे झाल्यावर जायचे ठरले तर मोकळ्या मनाने जा.

अल्लाह तआला तुमचा प्रवास आसान करो आणि सर्वांना सुखरूप घरी आणो. आमीन.

पुढच्या महिन्यात : दहावीचा निकाल आणि घरातली शांतता.